नव्व्याण्णव पूर्णांक दोन

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता तीन नंबरच्या शेडमध्ये पुढील गोष्टी होत्या: एक यंत्र, वजन दोन हजार एकशे चाळीस किलो, एक लाकडी टेबल, लांबी चोवीस फूट, टेबलावर तीन ट्यूबलाइट, त्यांपैकी दोन चालू, टेबलाभोवती बारा बायका, भिंतीवर एक फलक, त्यावर ‘मनुष्यविरहित उत्पादन विभाग’ अशी ठळक अक्षरं, आणि फलकाखालच्या कट्ट्यावर जेवणाचे तेरा डबे. तेरावा डबा मयुरीचा होता.

मोजणीही तिचीच. हवेतल्या धुळीवरून प्रकाश कसा विखुरतो, यावर प्रकल्प करून ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. वर्ध्याहून रोज सकाळच्या एसटीने ती हिंगणघाटला यायची आणि मोतीलालशेटजींच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ‘यंत्रबुद्धी अभियंता’ म्हणून बसायची. करार अकरा महिन्यांचा होता, त्यातले दोन उरले होते.

यंत्राच्या वजनाला एक इतिहास होता. केंद्राच्या यंत्रबुद्धी व उत्पादन अभियानात जिल्ह्यातून एक कारखाना निवडायचा होता. देश यंत्रबुद्धीच्या शर्यतीत मागे पडू नये आणि मरगळलेलं देशी उत्पादन पुन्हा उभं राहावं, अशी दोन उद्दिष्टं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापली होती. मागे उगवता सूर्य, पुढे कापसाचं बोंड आणि बोंडातून निघणारं रॉकेट. अट एकच कडक होती. यंत्रात साठ टक्क्यांहून जास्त स्वदेशी घटक हवेत. टक्के कशाचे, हे सांगायला पुस्तिका विसरली होती.

शेटजींचे चिरंजीव भूपेंद्र विसरले नव्हते. यंत्राचे चार कॅमेरे परदेशी, गणित करणारा डबा परदेशी, दिवे परदेशी, कचरा उडवणाऱ्या हवेच्या चौसष्ट तोट्याही परदेशी. सगळ्यांचं मिळून वजन भरलं शहाण्णव किलो. मग जाम गावच्या चौफुलीवर सिमेंटचे खांब ओतणाऱ्या एका ठेकेदाराला बोलावून यंत्राखाली काँक्रीटचा चबुतरा ओतला, वर लोखंडी सांगाडा चढवला, आणि सगळं उचलून धर्मकाट्यावर ठेवलं. स्वदेशी घटक पंच्याण्णव पूर्णांक पाच टक्के निघाले. दिल्लीहून अभिनंदनाचं पत्र आलं. एवढा स्वदेशी घटक त्या वर्षी देशात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. इतरांनी बिचाऱ्यांनी हलकी यंत्रं बनवली होती.

यंत्राचं काम सोपं होतं. शेतातून आलेल्या कापसात काय नसतं? पोत्याची सुतळी, कोंबडीचं पीस, बायकांचे केस, साडीची चिंधी, आणि या भागातला सर्वांत इमानी पाहुणा म्हणजे खर्र्याची पन्नी. माणूस सुपारी-तंबाखूचा खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत घोटतो, तोंडात टाकतो, पन्नी जिथे हात सुटेल तिथे सोडतो. ती कापसाच्या दाबलेल्या गाठीत गेली की पुढे सुतात जाते आणि रंगवलेल्या कापडावर पांढरा डाग होऊन उभी राहते. म्हणून कापूस सरकी काढायला जाण्याआधी टेबलावर पसरायचा आणि बारा बायकांनी चोवीस हातांनी कचरा वेचायचा. हेच आता कॅमेरा बघणार होता आणि हवेची तोटी फुंकणार होती.

यंत्र बसलं त्या दिवशी भूपेंद्रनी बायकांना गोळा करून सांगितलं होतं, “चाचणी झाली की टेबल बंद. कोणी मनाला लावून घेऊ नका. हा देशाचा प्रश्न आहे.”

मोतीलालशेटजी खुर्चीत बसून ऐकत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, कापूस मुठीत दाबून ओल सांगणारा. त्यांनी मान हलवली.

“असं नाई, भूपेन. मशीन बी कचरा काढते, बाया बी काढते. ज्याचं जास्त निघन, थे राहीन. कमीवाल्याले आपण काऊन ठेवाचं?”

शेटजींचा शब्द जिनिंगमध्ये शेवटचा होता. भूपेंद्र हसले, कारण त्यांना उत्तर माहीत होतं. बायका हसल्या नाहीत.

टेबलाच्या टोकाला बसायची बायजा. गोंड घरची, मूळची समुद्रपूरकडची, या टेबलावर एकोणीस हंगाम झालेले. तिचा नवरा मंगरू याच आवारात कापसाचे बोरे, म्हणजे पोती, उचलायचा. बायजाचे दोन्ही गुडघे गेले होते. वावरात उकिडवं बसून निंदणं तिला जमत नव्हतं, कुणी रोजाने कामाला बोलावतही नव्हतं. उंच टेबल, खाली स्टूल, वर सावली, असं तिच्या गुडघ्यांना चालणारं काम गावात हे एकच होतं. ती ते बोलून दाखवत नसे. घरी नातवंडांशी गोंडीत बोलायची, टेबलावर फारसं बोलायचीच नाही. तिच्या वाटचं बोलायला शेजारी आनंदाबाई होती.

“मयुरीबाई,” आनंदाबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, “तुमी लय हुशार. आमच्या पोटावर पाय द्याले बी एम.एस्सी. लागते का व?”

मयुरीने डबा उघडून लोणचं पुढे केलं होतं. तेव्हापासून ती बायकांबरोबर जेवत होती आणि आनंदाबाई तिचं लोणचं खाता खाता रोज हाच प्रश्न नव्या शब्दांत विचारत होती.

यंत्राला शिकवायला फोटो लागतात. कचऱ्याच्या कापसाचे दोन हजार, स्वच्छ कापसाचे दोन हजार. मयुरीने पद्धत आखली. कचऱ्याचा कापूस लाल ट्रेमध्ये, स्वच्छ कापूस निळ्या ट्रेमध्ये. बायकांनी टेबलाच्या एका टोकाला ट्रे भरायचे, सरकवत दुसऱ्या टोकाला न्यायचे. तिथे कॅमेरा आपोआप फोटो काढणार. पहिल्या दिवशी मयुरीने स्वतः पन्नास फोटो उघडून तपासले. लाल ट्रेमध्ये सुतळी होती, पिसं होती, पन्न्या होत्या. पद्धत चालते आहे असं वहीत लिहून ती काचेच्या केबिनमध्ये संगणकापाशी जाऊन बसली आणि पुढचे सतरा दिवस तिने फक्त आकडे पाहिले.

आकडे सुंदर होते. शिकवणी संपल्यावर यंत्राला त्याने न पाहिलेले फोटो दाखवले, आणि अचूकता आली नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के.

भूपेंद्रनी पेढे वाटले. आकडा त्याच दुपारी दिल्लीला गेला. चार दिवसांनी तिकडच्या एका सादरीकरणात वर्धा जिल्हा हिरव्या रंगाने उजळला आणि शेजारी तीन देशांचे झेंडे होते, ज्यांना वर्धा जिल्ह्याने मागे टाकलं होतं. भूपेंद्रनी ते पान छापून यंत्राला चिकटवलं. त्याच दिवशी त्यांनी कामगारांना आपल्याला ‘भूपेंद्रभाऊ’ऐवजी ‘सर’ म्हणायला सांगितलं. मयुरी आधीपासूनच म्हणत होती, त्यामुळे तिच्याकडून देशाच्या प्रगतीत भर पडली नाही.

मग यंत्र पट्ट्यावर चालवून पाहिलं. पट्टा करड्या रंगाचा होता. त्यावरून सुतळी गेली, पीस गेलं, अख्खी खर्र्याची पन्नी गेली, आणि चौसष्ट तोट्यांपैकी एकही फुंकली नाही. तेवढ्यात आनंदाबाईने सांडलेला कापूस सारायला हात पुढे केला. तिच्या हातात लाल बांगड्या होत्या. चौसष्टच्या चौसष्ट तोट्या तिच्या मनगटावर तुटून पडल्या.

“अवं माय!” आनंदाबाई ओरडली. “मीच कचरा दिसून राह्यली का याले?”

बायका हसून हसून टेबलावर पडल्या. मयुरी हसली नाही. ती त्या बांगड्यांकडे बघत राहिली, मग केबिनमधून रिकामा लाल ट्रे घेऊन आली आणि कॅमेऱ्याखाली धरला. पडद्यावर अक्षरं उमटली: अशुद्ध कापूस, खात्री नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के. तिने निळा ट्रे ठेवला आणि त्यात आपली उजव्या पायातली चप्पल. शुद्ध कापूस, खात्री नव्व्याण्णव पूर्णांक सात.

त्या दुपारी ती जेवली नाही. सगळ्या फोटोंमधून ट्रेच्या कडा कापून तिने यंत्राला पुन्हा शिकवलं. अचूकता बावन्न पूर्णांक सहा टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. म्हणजे यंत्राने कापसाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ट्रेचा रंग बघून ते पास होत होतं. पण का? लाल ट्रेमध्ये कचरा असताना रंगच का उचलला? तिने लाल ट्रेचे दोनशे फोटो कुठलेही निवडून मोठे केले आणि एकेक बघितला. कचरा सापडला नऊ फोटोंत. नऊही पहिल्या दिवशीचे होते. उरलेल्या एकशे एक्क्याण्णव लाल ट्रेमध्ये इतका स्वच्छ कापूस होता की तसा तिने निळ्या ट्रेमध्येही पाहिला नव्हता.

ती टेबलापाशी गेली.

“आनंदाबाई, लाल ट्रेमध्ये कचऱ्याचा कापूस भरायचा होता ना?”

“भरलाच व.”

“मग कचरा कुठे गेला?”

आनंदाबाईने बायजाकडे पाहिलं. बायजाने टेबलाकडे. शेवटी टेबलाच्या मधल्या बाजूने रुपा बोलली. ती बारा जणींत सगळ्यांत लहान, लग्न ठरलेली.

“ताई, दुसऱ्या दिवशी भूपेंद्रभाऊनं सांगतलं ना, का तुमच्या हातचे फोटो दिल्लीचे साहेब लोक पाहणार म्हणून.”

“मग?”

“मंग काय मंग?” आनंदाबाई उसळली. “हिंगणघाटच्या बायाच्या हातचा कापूस दिल्लीत जाणार, अन् त्यात पन्नी दिसन? इज्जत राह्यते का आमची? ट्रे इकडून तिकडं सरकवत नेत होतो, तं बाराही जणीच्या हाताखालून जात होता. जिले जे दिसलं तिनं थे उचललं.”

“पण कचरा त्यात मुद्दाम ठेवायचा होता!”

“ठेवला होता ना. मंग काढला.”

“का?”

बायजाने पहिल्यांदा तोंड उघडलं. “हात थांबत नाई, पोरी.”

मयुरी स्टुलावर बसली. एकशे एक्क्याण्णव ट्रे. सतरा दिवस. राष्ट्रीय शर्यतीतला आपला घोडा बारा बायकांच्या स्वच्छतेने लंगडा केला होता, आणि चूक तिची होती. तिने पहिला दिवस तपासला आणि उरलेले सतरा तसेच असतील असं धरून चालली. असा गृहीत धरलेला आकडा कुणा विद्यार्थ्याने लिहिला असता तर तिच्या सरांनी वही फेकून दिली असती.

भूपेंद्रनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “चाचणीला आठ दिवस आहेत. समिती येतेय.”

“म्हणून तर सांगते आहे, सर. आकडा खोटा आहे.”

“आकडा खोटा नाही. यंत्र लाल आणि निळं ओळखतं, नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के ओळखतं. चाचणीही ट्रेमध्येच घेऊ. लाल ट्रे, निळे ट्रे. खोटं काय त्यात?”

“त्याला कचरा दिसत नाही.”

“पुढच्या आवृत्तीत दिसेल. मयुरी, आकडा दिल्लीत गेलाय. तीन देश मागे आहेत. आता मी तिकडे काय कळवू, की ते देश पुन्हा पुढे गेले? आणि तुझा करार जानेवारीत संपतो, माहीत आहे ना? चाचणी अभियंता म्हणून सही तुझी लागेल. अभियानाला एम.एस्सी. लागतं आणि आपल्याकडे एकच आहे.”

मयुरी केबिनमध्ये परत आली आणि तिने अभियानाची पुस्तिका काढली. एकशे चव्वेचाळीस पानं होती. भूपेंद्रनी त्यातली पहिली सहा आणि अटींचं एक पान वाचलं होतं. तिने सगळी वाचली. एकशे एकतिसाव्या पानावर परिशिष्ट सात होतं: चाचणी प्रत्यक्ष उत्पादनाच्या पट्ट्यावर घ्यावी, आणि यंत्राच्या निकालाशेजारी ‘विद्यमान प्रक्रियेचा’ निकाल नोंदवावा. विद्यमान प्रक्रिया शेडमध्ये बसून तंबाखू मळत होती.

दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर मयुरीने काहीही न लपवता सांगितलं. यंत्राला काही येत नाही. ट्रेमध्ये चाचणी झाली तर ते पास होईल आणि टेबल जाईल. परिशिष्टाप्रमाणे झाली तर टेबलाचीही परीक्षा होईल. पण त्याआधी ती यंत्राला पुन्हा शिकवणार होती, खरंखुरं, पट्ट्यावर, कचऱ्यासकट. आणि त्यासाठी तिला या बायकांचीच मदत हवी होती.

“म्हंजे,” आनंदाबाई घास हातात धरून म्हणाली, “आमाले काढाचं हाय, अन् काढाचं कसं थे बी आमीच शिकवाचं? वा रे वा. आन् फाशीचा दोर बी आमीच वळून देऊ का?”

“न शिकवता नापास केलं तर ती परीक्षा होत नाही,” मयुरी म्हणाली. “मग मीही भूपेंद्रसरांसारखीच. त्यांनी ट्रे दाखवून पास केलं, मी अडाणी ठेवून नापास.”

“तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा, बाई. आमाले पोट हाय.”

बायजाने भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश चावून संपवला.

“शिकू दे त्याले,” ती म्हणाली.

“अवं बायजे!”

“शिकू दे. खोटं शिकून पास झालं, तं आपण बी जाऊ अन् पन्न्या बी गाठीत जातीन. लोक म्हनतीन, मोतीलालच्या जिनिंगचा कापूस घाण झाला. थो कापूस एकोणीस वर्स मी पाह्यला हाय.” ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवून. “खरं शिकून आलं तं पाहू.”

ती शिकवणी ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात. ज्या हातांनी आयुष्यभर कचरा काढला त्यांना कचरा टाकायचा होता. रुपा कापसावर सुतळी टाकायची आणि हात मागे घेता घेता दोन बोटांनी तीच सुतळी परत उचलून आणायची, तिला पत्ताही नसायचा. आनंदाबाईने शपथ घेऊन पाच पिसं टाकली, त्यातली तीन तिच्याच पदरात निघाली. शेवटी मयुरीने नियम केला. टाकणारीने टाकल्याबरोबर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग दिवसभर शेड नंबर तीनमध्ये, मनुष्यविरहित उत्पादन विभागाच्या फलकाखाली, बायका एकामागून एक कापसात पन्नी टाकत होत्या आणि शिक्षा झालेल्या पोरींसारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत होत्या. भूपेंद्र एकदा डोकावले आणि काही न विचारता परत गेले. त्यांना ती काहीतरी जपानी पद्धत वाटली.

“पायजा बरं,” आनंदाबाई भिंतीला सांगत होती, “आमच्या सासूनं बी कधी कोपऱ्यात उभं नाई केलं. हे दिवस या मशीननं दाखवले.”

पाच दिवसांत नऊशे फोटो झाले. यंत्र खरोखर शिकू लागलं. मयुरीने प्रत्येक फोटो पाहिला.

सहाव्या दिवशी भूपेंद्र ट्रे मोजायला आले. चाळीस लाल, चाळीस निळे, धुऊन एकावर एक रचलेले. “चाचणीच्या दिवशी हे इथे हवेत,” ते म्हणाले.

“राहतील, सर,” मयुरी म्हणाली. ट्रे तिथेच राहणार होते.

समिती अकरा वाजता यायची होती, दीड वाजता आली. तीन माणसं होती: दिल्लीचे संचालक, एक सदस्य ज्यांच्याकडे संगणक होता, आणि एक छायाचित्रकार. संचालक आवाजाने भारदस्त होते. त्यांनी आधी चबुतऱ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

“ये है असली मेक,” ते काँक्रीट थोपटत म्हणाले. “पंचानवे पॉइंट पाँच!”

मग पंचवीस मिनिटं भाषण झालं. जगात शर्यत लागली आहे, जो थांबला तो संपला, डेटा हे नवं पीक आहे, आणि ते पीक वर्ध्याच्या काळ्या मातीत जोमाने उगवतं आहे. बारा बायका टेबलाभोवती उभ्या राहून ऐकत होत्या. नव्या पिकाला पाणी किती लागतं, हे आनंदाबाईने रुपाच्या कानात विचारलं.

“चलिए, ट्रे लगाइए,” भूपेंद्र म्हणाले.

“सर, परिशिष्ट सातमध्ये ट्रे नाहीत,” मयुरी म्हणाली आणि पुस्तिका संचालकांपुढे उघडी धरली. “पट्टा आहे. आणि शेजारी विद्यमान प्रक्रियेचा निकाल.”

भूपेंद्रचा चेहरा टेबलावरच्या बंद ट्यूबलाइटसारखा झाला. संचालकांनी पान वाचलं. त्या पुस्तिकेवर पहिली सही त्यांचीच होती, त्यामुळे ते पान आपण आधी वाचलं नव्हतं असं त्यांना म्हणता येईना.

“बिलकुल,” ते म्हणाले. “ये तो मैंने ही डलवाया था. मशीन के सामने इंसान! बढ़िया फोटो आएगा.”

“मी शेवटचं सांगतोय, मयुरी,” भूपेंद्र तिच्या कानाशी पुटपुटले. “जानेवारी लक्षात ठेव.”

“पट्टा सुरू करते, सर,” मयुरी म्हणाली. तिने बटण दाबलं.

समितीने आपला कापूस आणला होता. पन्नास किलो, शिक्का मारलेल्या दोन बोऱ्यांत, सोबत शुद्धतेचं प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या अशाच यंत्राने दिलेलं होतं. प्रत्येक बोऱ्यात सदस्यांनी मयुरीने मोजून ठेवलेले शंभर तुकडे मिसळले: वीस पन्न्या, वीस सुतळ्या, वीस पिसं, वीस चिंध्या, वीस केसांचे पुंजके. आदल्या दिवशी मयुरीने प्रत्येक तुकड्यावर साध्या उजेडात न दिसणाऱ्या शाईचा ठिपका दिला होता. जांभळ्या दिव्याखाली तो चमकायचा, म्हणजे नंतर वाद नको.

आधी यंत्र. पट्टा फिरला, तोट्या फुंकू लागल्या. सुतळ्या जवळजवळ सगळ्या उडाल्या, पन्न्या बऱ्याच. केस त्याला दिसलेच नाहीत. भीतीपोटी त्याने बराच चांगला कापूसही उडवला. तो शेडभर तरंगला आणि संचालकांच्या कोटावर बसला. सदस्यांनी काढलेले तुकडे मोजले.

“तिरसठ,” ते म्हणाले.

“तिरसठ!” संचालकांनी टाळ्या वाजवल्या. “शून्य से तिरसठ! ये होती है छलाँग.”

भूपेंद्रनीही टाळ्या वाजवल्या. कुणालाच नव्व्याण्णव पूर्णांक दोनची आठवण काढायची नव्हती.

मोतीलालशेटजी खुर्चीतून पुढे वाकले. “आता बाया.”

दुसरा बोरा टेबलावर ओतला. बारा बायका बसल्या. मयुरीने घड्याळ लावलं आणि ती बायजाच्या मागे उभी राहिली. बायजा डोळ्यांनी शोधत नव्हती, हे तिला त्या दिवशी कळलं. हात कापसाखालून जायचे, तळव्यांवरून कापूस वाहायचा, आणि जे कापूस नव्हतं ते बोटांना अडायचं. केस तर ती न बघताच ओढून काढत होती. छायाचित्रकाराने दोन फोटो काढले आणि मग तो कॅमेरा खाली ठेवून नुसता बघत बसला.

एक्केचाळीस मिनिटांनी बायजाने रिकामा हात टेबलावर फिरवला आणि म्हणाली, “झालं.”

सदस्यांनी मोजलं. थांबले. पुन्हा मोजलं.

“सर, एक सौ अठारह.”

“सौ डाले थे ना?”

“जी, सौ.”

“तो गिनती गलत है.”

तिसऱ्यांदा मोजले. एकशे अठराच निघाले. मयुरीने जांभळा दिवा आणला, आधी यंत्राच्या ढिगावर धरला, तिथे त्रेसष्टच्या त्रेसष्ट चमकले, मग बायकांच्या ढिगावर धरला. काही तुकडे चमकले, काही चमकले नाहीत. तिने चमकणारे डाव्या हाताला सारले, न चमकणारे उजव्या हाताला.

“साहेब,” आनंदाबाई पदर खोचत म्हणाली, “हे इकडचे तुमच्याच बोऱ्यातले होय. तुमचं सर्टिफिकेटवालं. घेऊन जाजा, आमाले नाई पायजे.”

संचालकांनी कोटावरचा कापूस झटकला. सदस्यांनी संगणकावर आकडा भरला. संगणक तांबडा झाला.

“सर, फॉर्म सौ से ऊपर नहीं लेता.”

“तो सौ लिखिए. सौ में सौ, इंसान का सम्मान भी हो गया.”

“सौ नहीं हैं, सर,” मयुरी म्हणाली. तिचं हिंदी वर्ध्याचं होतं, पण आकडा स्पष्ट होता.

“बेटा, फॉर्म में खाना ही नहीं है.”

“किती निघाले?” मोतीलालशेटजींनी खुर्चीतून विचारलं. “फारम राहू द्या. मले कागदावर पायजे.”

शेडमध्ये सगळे मयुरीकडे बघत होते. भूपेंद्र बघत होते, बायका बघत होत्या, फक्त बायजा टेबलाच्या फटीत अडकलेला कापूस बोटाने काढत होती. मयुरीने चाचणीच्या वहीचं पान घेतलं. दोन्हीकडे कचऱ्याबरोबर गेलेला चांगला कापूस तिने लहान काट्यावर वेगवेगळा ठेवला, काटा स्थिर होईपर्यंत थांबली, मग लिहिलं, खाली चाचणी अभियंता म्हणून सही केली, आणि पान शेटजींच्या हातात दिलं.

मिसळलेले तुकडे, प्रत्येक बोऱ्यात: १००.
यंत्र: मिसळलेल्यांपैकी ६३, न मिसळलेले ०, सोबत गेलेला चांगला कापूस ३ किलो १०० ग्रॅम.
टेबल: मिसळलेल्यांपैकी ९७, न मिसळलेले २१, सोबत गेलेला चांगला कापूस ११ ग्रॅम.